निवडुंगांवरचं प्लास्टिक कुणी काढलं

ऑगस्टात कोथरूडमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. टॉवेल वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. अशा हवेत मी गेली कित्येक वर्षं गच्चीवर चाळीसेक निवडुंग जगवते आहे. निवडुंग उन्हाने मरत नाही, तहानेने तर नाहीच. गार हवेत मुळं ओली राहिली की मरतो. हे एवढं एकच वाक्य मी आमच्या सोसायटीत इतक्यांदा सांगितलं आहे की लिफ्टमध्ये लिहून लावायला हरकत नव्हती.

दर जूनमध्ये मी गच्चीच्या एका कोपऱ्यात लोखंडी पाइपांचा मांडव उभा करून त्यावर जाड निळं प्लास्टिक ताणून बांधते. बाजू उघड्या ठेवते, कारण वारा हवा. कुंड्यांमध्ये विटांचा चुरा आणि जाड वाळू, माती नावापुरती. सप्टेंबर सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मांडवासाठी मागच्या कमिटीची लेखी परवानगी आहे, सहीशिक्क्यासकट. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ऑफिसात मी तेहतीस वर्षं काढली. कागदाशिवाय मी खिळासुद्धा ठोकत नाही.

या कुंड्यांतला सगळ्यात जुना निवडुंग कारखान्यातल्या एका स्टोअरकीपरने दिला होता. ते राजस्थानचे. बदली झाली तेव्हा सामान आवरताना त्यांनी चहाच्या कपात लावलेला लिंबाएवढा गोल निवडुंग माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "इसको भूल जाना, तभी बचेगा." मी विसरले नाही, पण पाणी द्यायचं विसरायला शिकले. सव्वीस वर्षांत तो मोठ्या कलिंगडाएवढा झाला. सोनेरी काटे, उन्हात पाहिलं की डोळे दिपावेत. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यावर पहिल्यांदा पिवळी फुलं आली. त्या दिवशी मी समोरच्या वहिनींना हाताला धरून वर नेलं होतं.

समोरच्या वहिनी म्हणजे माझ्या दारासमोरच्या फ्लॅटमधल्या. आमची वीस वर्षांची मैत्री. नागपूरच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मी तीन आठवड्यांसाठी निघाले, तेव्हा घराची किल्ली त्यांच्याकडेच दिली. "झाडांना पाणी घालायचं नाही," मी म्हटलं. "नुसतं एकदा वर जाऊन प्लास्टिक जागेवर आहे ना, बघायचं. उडालं असेल तर मला फोन करा." त्या म्हणाल्या, "अहो, एवढं काय, रोज बघीन."

परत आले त्या दिवशी दुपारी बॅग दारातच ठेवून आधी वर गेले.

मांडवाचे पाइप एका बाजूला आडवे रचलेले होते. प्लास्टिकची घडी पाण्याच्या टाकीमागे, वर वीट ठेवलेली. नीटनेटकी घडी होती, म्हणजे वाऱ्याने उडालं नव्हतं. माझ्या कुंड्या सरकवून कठड्याला लावल्या होत्या, टाकीवरून पाणी ओघळतं बरोबर त्याखाली. पाऊस भुरभुरतच होता. मी गोल निवडुंगाला बोटाने दाबलं. काट्यांमधून बोट आत गेलं, आणि आतून पिकून फुटलेल्या पपईसारखं तपकिरी पाणी आलं. वास मी इथे लिहीत नाही.

मी खाली जाऊन वहिनींची बेल वाजवली.

"प्लास्टिक कुणी काढलं?"

त्यांचा चेहरा पडला. "अहो, आधी आत तर या. बहीण कशी आहे?"

"बहीण बरी आहे. कुणी काढलं?"

"सेक्रेटरींनी काढायला लावलं. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन वर गच्चीवर होतं ना. फोटोत ते निळं प्लास्टिक वाईट दिसेल म्हणाले. खुर्च्यांनाही जागा हवी होती. नंतर परत बांधतो म्हणाले होते."

"आणि तुम्ही मला फोन केला नाही."

"तुम्ही तिकडे हॉस्पिटलात, बहिणीच्या उशाशी. म्हटलं, उगाच कशाला त्रास द्यायचा."

त्या मनापासून बोलत होत्या, आणि मला त्याचाच जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता येतं. "मी तिथून कुणालाही फोन करून प्लास्टिक टाकायला लावलं असतं," मी म्हटलं. "अर्ध्या तासाचं काम होतं. तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत." त्या रडायला लागल्या. मी किल्ली मागून घेतली आणि आले.

घरी येऊन मी सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. पंधरा ऑगस्टचे फोटो होतेच. झेंडा, सेक्रेटरी पांढऱ्या कुर्त्यात, छत्र्या धरलेली मंडळी, आणि मागे कठड्याशी माझ्या उघड्या, भिजणाऱ्या कुंड्या. स्पष्ट दिसत होत्या. फोटोखाली माझाच मेसेज होता: हात जोडलेले आणि 'सुंदर कार्यक्रम'. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून मी तो फोटो पाहिला होता. पाहिला म्हणजे त्यावरून बोट फिरवलं होतं. तेव्हा नीट पाहिलं असतं तर एका दिवसाच्या पावसावर निभावलं असतं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि या चुकीसाठी मला दुसऱ्या कुणावर रागावता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी घेऊन वर बसले. निवडुंग सडायला लागला की खालून कापत जायचं असतं. प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसायची, चकती काढायची, मधे तपकिरी डाग दिसला की आणखी वर कापायचं. डाग नसलेला हिरवट पांढरा गर लागला तर वरचा तुकडा वाचतो. गोल निवडुंगाच्या मी चकत्या काढत गेले. अर्ध्यावर आले तरी डाग. पार डोक्यापर्यंत पोचले, जिथे फुलं आली होती तिथे, आणि तिथेही मधोमध रुपयाएवढा डाग होता. मग कापायला काही उरलं नाही.

एकोणीस कुंड्या गेल्या. बाकीच्यांची डोकी नाहीतर बाजूला फुटलेली पिल्लं वाचली. त्यांच्या कापांना गंधकाची पूड लावून घरात पंख्याखाली वर्तमानपत्रावर मांडली. मांडव मी आणि वॉचमनने त्याच दिवशी पुन्हा उभा केला.

सेक्रेटरी जिन्यात भेटले. चाळिशीतला माणूस, आयटीत चांगल्या पदावर, वागायला गोड. "ताई, सॉरी, अहो राहूनच गेलं बांधायचं. पण पावसात झाडं मरतात हे मी पहिल्यांदाच ऐकतोय." मग हसून म्हणाले, "नर्सरीतून दोन छानसे कॅक्टस आणून देतो तुम्हाला."

"सव्वीस वर्षांचे मिळाले तर आणा," मी म्हटलं.

सप्टेंबरच्या मीटिंगला मी परवानगीचा कागद आणि एक चकती घेऊन गेले. चकती वर्तमानपत्रात गुंडाळली होती, ती टेबलावर उघडली. सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावला. मी फार काही बोलले नाही. काय झालं ते सांगितलं आणि ते इतिवृत्तात लिहा, एवढंच मागितलं. त्यांनी लिहून वाचून दाखवलं: "अतिवृष्टीमुळे एका सभासदाच्या झाडांचे नुकसान झाले, त्याबद्दल कमिटी दिलगीर आहे."

"अतिवृष्टी झाली नाही," मी म्हटलं. "भुरभुर होती. आणि पाऊस दरवर्षी पडतो."

त्यांनी खोडलं. "आच्छादन काढले गेल्यामुळे नुकसान झाले."

"काढले गेले नाही. तुम्ही काढलंत."

"ताई, शब्दाने काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर लिहा."

कुणी मोबाइल बघत होतं, कुणी छताकडे. चेअरमन म्हणजे निवृत्त गणिताचे सर, कानाला यंत्र लावलेले. ते बराच वेळ चकतीकडे बघत बसले होते. ते म्हणाले, "लिहा हो. काढलंत ना? मग लिहा." सेक्रेटरींनी लिहिलं. "सेक्रेटरींनी परवानगी असलेले आच्छादन सभासदाला न कळवता काढले व परत बसवले नाही." मी खाली सही केली. एवढ्याने काही परत आलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते वाक्य तसंच हवं होतं.

ऑक्टोबरच्या उन्हात काप सुकून कडक झाले आणि मी ते तुकडे कोरड्या वाळूत टेकवून ठेवले. डिसेंबरात पुण्यात पहाटे चांगला कडाका पडतो, पण कोरडी थंडी या झाडांना सोसते. पाणी द्यायचं नाही, जागा बदलायची नाही, थांबायचं.

एका सकाळी वहिनी गच्चीवर आल्या. तीन महिने आमचं बोलणं दारापुरतंच होतं. त्या कुंड्यांपासून थोड्या दूर उभ्या राहिल्या. "यांना आता काय लागतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मी काही करू का?"

"नको."

त्या तरीही थांबल्या. मी एकेक तुकडा दोन बोटांनी अलगद हलवून पाहत होते. हलला म्हणजे मूळ नाही. सात हलले नाहीत. वहिनींनी मोजले असावेत, कारण त्या हळूच म्हणाल्या, "सात." माफ केलं असं मी म्हणणार नाही. अजूनही जिना चढताना तो दिवस आठवला की कानशिलं तापतात. पण त्या जायला निघाल्या तेव्हा मी त्यांना गच्चीचं दार ओढून घ्यायला सांगितलं, आणि त्यांनी ते नीट बसल्याची दोनदा खात्री केली.