सेंटरचा डब्बा

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी आहे, आणि हे मी सांगितलं नाही तरी बाबा सांगतात. म्हणून घरात मिक्सरपासून मोटरपंपापर्यंत काहीही बिघडलं की आधी मला बोलावतात. माझं झालं की मग मिस्त्रीला बोलावतात.

ताईच्या लग्नात वडनेरचा मामा रुसला. 'मले कोणी जेव म्हटलं नाई!' असं म्हणत उपाशी परत गेला आणि महिनाभर त्याने आईचा फोन उचलला नाही. आईला भाऊ एकच. ती बसल्या जागी डोळे पुसायची. बाबा म्हणायचे, "म्या सांगतलं होतं जेवाचं! शपथ!" मला काही आठवत नव्हतं, पण मी ठामपणे बाबांची बाजू घेतली.

तोडगाही मीच काढला. लग्नाचा व्हिडिओ होता ना! तोही सराउंड साउंडमधला : बँड चौफेर, माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून. मामाला पुरावाच ऐकवायचा! (आधी तपासून पाहायची मला गरज वाटली नाही.)

रविवारी दुपारी मामा आमच्या गावी, आंजीला आला. खुर्चीच्या काठावर टेकला. "ऐकतो अन् जातो. पानीबी नोको."

पाचही स्पीकर सकाळीच लावले होते. मी कॉम्प्युटरवर प्लेअर टाकत होतो, म्हणून बाबांना ओरडून सांगितलं होतं, "तो सेंटरचा डब्बा सेंटरले ठेवा!" "ठेवला!" बाबा म्हणाले. विषय संपला.

व्हिडिओ लावला. चहूकडून बँड कडाडला. पडद्यावर बाबा हातवारे करत होते, तोंड उघडत होते, मिटत होते. आवाज शून्य!

"जवाईबापू मुके झालते का लग्नात?" मामाने बाबांकडे पाहत विचारलं.

"प्लेअरची सेटिंग आहे मामा. दोन मिनिटं!"

ऑडिओ ट्रॅक बदलला. बँड! प्लेअर काढून पुन्हा टाकला. आणखी मोठा बँड! शेवटी सैपाकघरात रश्श्यासाठी पाटोडीच्या बेसनवड्या थापणाऱ्या आईला हाक मारली, "आई, तुले येते का बोलणं ऐकू?"

"येते ना! लय साफ!"

बिचारी माझा मान राखत होती.

"माह्या मोबाईलले दोनच कान हायेत," मामा म्हणाला, "तरी सारं ऐकू येते. याचेबी दोन कर."

"मामा, शिकलेला माणूस पाचाचे दोन करत नाही!" (केले असते तर तिथंच निभावलं असतं. हे नंतर कळलं.) मी प्लेअरमध्ये सेंटरचा आवाज पार शेवटाला नेला.

आत भांडं आदळलं. "अवो, हळू करा! पाटोडी पडली ना हातची!"

मामा उठला. "चाललो मी. बाईले सांगून येतो." आईकडे आत गेला आणि तिथूनच ओरडला, "जवाईबापू! तुमी अथी बोलून राह्यले, अन् तथी मुके काऊन बसले?"

आम्ही धावलो. गव्हाच्या कोठीवर सेंटरचा डब्बा! तार पुरली नाही म्हणून तिला मोटरपंपाची केबल जोडून, काळी टेप गुंडाळून, खिडकीतून आणलेली.

"बाबा, हे काय?"

"तूच म्हटलं ना, सेंटरले ठेवा! समोरची खोली, सैपाकघर, मांगची खोली. आता सांग, घराचं सेंटर कोनतं?"

उत्तर बिनतोड होतं. आई म्हणाली, "मले वाटलं, पोरानं माह्यासाठीच लावला!"

पण मी हार मानणाऱ्यातला नाही. बाकीचे सगळे डब्बे बंद केले, व्हिडिओ मागे नेला आणि धावत येऊन कोठीपाशी उभा राहिलो. डब्ब्यातून बाबांचा आवाज आला, "अरे, मामा जेवला नाई अजून! त्याले बसव पंगतीत!"

आईने पदर डोळ्यांना लावला. मामाने बाबांचा हात धरला. मी विजयी मुद्रेने दोघांकडे पाहिलं.

तेवढ्यात डब्ब्यातून दुसरा आवाज आला, "हो बाबा, बसवतो ना! त्या डीजेवाल्याले जरा सेटिंग समजावून येतो, मंग!"

माझा होता.

  मग मामाने पाट ओढला, बाबांना शेजारी बसवलं आणि वाढायला माझ्या हातात पाटोडीच्या रश्श्याचं पातेलं दिलं. चौथ्यांदा वाटी पुढे करत म्हणाला, "काई म्हना जवाईबापू, पोट्ट्याचा आवाज लय साफ निघाला!"

आणि तो तसा निघाला, याचं श्रेय, मी आजही छातीठोकपणे सांगतो, संपूर्ण माझ्या सेटिंगला आहे!