धाकलूचे बावीस किलोमीटर

सत्त्याऐंशीच्या सुमाराला अंबरनाथ पूर्वेत ज्या थोड्या घरांसमोर मारुती उभी असे, त्यांतल्या बऱ्याच गाड्या धाकलू मेंगाळने दिल्लीहून चालवत आणलेल्या होत्या. त्या काळी मारुतीसाठी नंबर लावावा लागे. नंबर लावला तेव्हा पहिलीत असलेलं पोर चौथीत जाई, तरी गाडीचा पत्ता नसे. मग कुणाचा मेहुणा नाहीतर साडू दिल्लीत निघे, त्याच्या नावावर गाडी लवकर मिळे आणि खरा प्रश्न उभा राही, की आता ती इथवर आणायची कुणी? गाडी घेणाऱ्या बहुतेकांना गाडी चालवता येत नव्हती. यात काही चमत्कारिक आहे असं मात्र कुणालाही वाटत नसे.

धाकलू बारवी धरणाजवळच्या वाडीतला. उल्हासनगरच्या लच्छूशेठ कापडवाल्याच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून लागला आणि बघून बघून चालवायला शिकला. शेठची मारुती दिल्लीहून आणायची वेळ आली तेव्हा नेमका मुख्य ड्रायव्हर कावीळ होऊन पडलेला, म्हणून धाकलूला पाठवलं. चार दिवसांनी गाडी दारात उभी राहिली, तर तिच्यावर एक ओरखडा नाही. शेठ म्हणाले, "साईं, तू गाडी चलाके नहीं लाया, सुलाके लाया है." ही कीर्ती उल्हासनगरातून अंबरनाथला पोचायला फार वेळ लागला नाही.

नवीन इंजिन पन्नासच्या वर न्यायचं नाही असं धाकलूला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने स्वतःच्या मनाने त्यातले दहा कमी केले. राजस्थानच्या रस्त्यावर ट्रकवाले त्याला शिव्या घालत पुढे जात, ट्रॅक्टरवाले हसत पुढे जात, आणि हा आपला चाळीसवर. नव्या गाडीत चपला घालायच्या नाहीत म्हणून तो अनवाणी चालवायचा. आत बसून खायचं नाही. मागच्या सीटला तर हातसुद्धा लावायचा नाही, कारण तिच्यावर पहिल्यांदा बसायचा मान घरच्या बाईचा. एकदा अजमेरच्या अलीकडे एका ढाब्यावाल्याने हा अनवाणी उतरतो, मागची सीट मोकळी ठेवतो नि दार हळूच लावतो हे पाहिलं आणि गाडीत देव आहे असं समजून बंद काचेसमोर झेंडूची दोन फुलं ठेवली. धाकलूनेही त्याचा गैरसमज दूर केला नाही. जेवण फुकट मिळालं होतं.

असा हा एकोणीस गाड्या आणलेला माणूस, पण त्याच्या वाडीत त्याला ड्रायव्हर म्हणून कुणी मानत नसे. कारण सरळ होतं. गाडी मालकाच्या दारात लावली की धाकलू बदलापूरला येई आणि तिथून खांद्याला पिशवी अडकवून, धूळ तुडवत चालत घरी जाई.

"गाडी चालवनारा मानूस चालत कशाला येईल?" शेजारची गोजरबाई विचारायची. "हमालीला जातोय तुझा पोरगा. लाजंनं सांगत नाय."

भिकी, म्हणजे धाकलूची आई, हे ऐकून घ्यायची. तिलाही आतून तसंच वाटायचं. "हमाली काय वाईट नाय रं," ती त्याला समजुतीने सांगायची, "पन आयशीला खोटं नको बोलू." हे वाक्य धाकलूला फार लागायचं. दिल्ली ते अंबरनाथ एक डाग न लावता येणाऱ्या माणसाला घरात खोटारडं ठरावं लागावं, याचा त्याला मनस्वी राग होता. एक तरी गाडी आईच्या दारात नेऊन उभी करायची आणि तिला आत बसवायचं, हे त्याने पक्कं ठरवून टाकलं.

नेमकी यासाठी मिळाली ती विष्णुपंतांची गाडी, म्हणजे आगीतून फुफाट्यात. विष्णुपंत कारखान्यातल्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी लोखंडाचे तुकडे मोजले आणि केसाएवढा फरक दिसला की परत पाठवले. घरातली पोळीसुद्धा ते ताटात घेण्याआधी एकदा उजेडात धरत. धाकलूला निघताना त्यांनी सांगितलं, "दिल्लीच्या मेहुण्यांच्या दारापासून आपल्या दारापर्यंत एक हजार चारशे दहा किलोमीटर. मी नकाशावर दोरा लावून मोजलेत. पाच इकडे, पाच तिकडे चालतील. त्याच्या वर नाही." मीटरची वायर काढून गाडी फिरवण्याची ड्रायव्हर लोकांची युक्ती त्यांना ठाऊक होती. म्हणून वायरीच्या जोडावर चिकटवायला सही केलेली कागदाची पट्टी त्यांनी मेहुण्यांना आधीच पोस्टाने पाठवली होती.

चौथ्या दिवशी सकाळी धाकलू कल्याणला पोचला. मीटरकडे पाहिलं, तर पंतांचा दोरा अगदी बरोबर निघत होता. शहाण्या माणसाने इथून सरळ अंबरनाथ गाठलं असतं. पण रात्री त्याच्या मनात एक विचार आला होता, आणि तो त्याला फारच बिनतोड वाटला होता. रहाट उलटा फिरवला की दोर उलगडतो. गाडी पुढे गेली की आकडे वाढतात, तर मागे गेली की कमी व्हायलाच हवेत! वाडीला जायचं सुलटं आणि यायचं उलटं, म्हणजे हिशेब जिथल्या तिथे. तो पाइपलाइनच्या रस्त्याने थेट बदलापूर गाठून बारवीकडे वळला.

दुधासारखी पांढरी गाडी वाडीत शिरली तेव्हा कोंबड्या आधी पळाल्या आणि मग माणसं धावत आली. भिकी हातातलं सूप घेऊनच बाहेर आली. तिने गाडीला एक पूर्ण फेरी घातली. धाकलूने कधी नव्हे ते स्वतः मागचं दार उघडलं.

"बस, आये."

"कोनाची हाय?"

"साहेबांची."

"त्यांची बायको बसली?"

"नाय अजून."

"मग मी कशी बसू? मान त्या बायचा." भिकीने सूप छातीशी धरलं आणि एक पाऊल मागे घेतलं. धाकलूने विनवलं, रागावला, पण ती ढिम्म हलेना. ज्या नियमावर त्याने एकोणीस गाड्या आणल्या, तोच आता आडवा आला होता, आणि त्याला दोष द्यायचीही सोय नव्हती.

"मालक कुठाय?" गोजरबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं, "धुवायला आनली असंल नदीवर."

लोक हसले. धाकलूने रागाने दार लावलं, गाडीत बसला आणि ठरल्याप्रमाणे रिव्हर्स टाकून निघाला. वाडीने जे पाहिलं ते एवढंच, की धाकलू खिडकीतून मान बाहेर काढून, गाडी पाठीमागे नेत नेत, वळणापलीकडे दिसेनासा झाला.

"बघा," गोजरबाई म्हणाली, "सुलटी येतच नाय त्याला." भिकी सूप घेऊन घरात गेली.

चार किलोमीटर उलटं गेल्यावर धाकलूची मान उजव्या खांद्याकडे वळून तिथेच अडकली. त्याने आशेने मीटरकडे पाहिलं. आकडे एक घरही मागे आले नव्हते. आईने खोटारडं म्हटलं ते राहिलंच, आता साहेबही म्हणणार. तो उरलेला रस्ता सुलटा आला.

अंबरनाथला दारात सगळी तयारी होती. चाकांखाली ठेवायला लिंबं होती, नारळ होता आणि पंतांच्या पत्नी उमाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. पंतांनी कुंकवाआधी चष्मा लावला आणि खिडकीतून आत डोकावले.

"एक हजार चारशे बत्तीस," ते म्हणाले. "बावीस जास्त. आणि तुझ्या मानेला काय झालं?"

धाकलूला खोटं सुचत नसे, ही त्याची जुनी अडचण. त्याने सगळं सांगितलं. वाडी, आई, गोजरबाई, रहाट, सगळं. तोंड मात्र सगळा वेळ शेजारच्या कुंपणाकडे, कारण मान तिकडेच होती. पंतांना आपण कुणाला रागावतो आहोत ते नीट कळेना.

"उलटी? माझी नवी गाडी उलटी चालवलीस? चार किलोमीटर?"

"मग तुझी आई बसली का रे?" उमाबाईंनी मध्येच विचारलं.

"नाय बाई. बोलली, पयला मान तुमचा."

उमाबाईंनी घाईघाईने गाडीला ओवाळलं, नारळ वाढवायला लावला आणि मागचं दार उघडलं. सीटच्या एका टोकाला बसल्या, प्लास्टिकवरून करकरत सरकल्या आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडल्या.

"झाला माझा मान," त्या म्हणाल्या. "आता मी पुढे बसते. धाकलू, चल, तुझ्या आईकडे."

"अगं, पण पुन्हा बावीस..." पंत म्हणाले.

"अहो, गाडी फिरायला घेतली की मोजायला? बसा मागे."

पंत मागे बसले.

वाडीत गाडी दुसऱ्यांदा आलेली भिकीने पाहिली. साहेब स्वतः आलेत म्हणजे तक्रार घेऊन आलेत. ती घरात धावली आणि काखेत एक तलंग मारून बाहेर आली.

"साहेब, ही घ्या. पोराला कामावरून काढू नका. गाडी उलटी चालवतो, पन मनानं वाईट नाय."

पंतांच्या हातात कोंबडी आली. ती कशी धरायची हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. "कामावरून कशाला काढू?" ते कोंबडीशी झुंजत म्हणाले. "असा ड्रायव्हर मिळतो कुठे? दिल्लीहून गाडी आणली याने, एकट्याने. मी तपासली आहे. एक डाग नाही." पंतांच्या तोंडून 'डाग नाही' हे शब्द त्यांच्या खात्यातल्या कुणी पस्तीस वर्षांत ऐकले नव्हते, पण हे वाडीला माहीत असायचं कारण नव्हतं.

"दिल्ली म्हंजे बदलापूरच्या पुढं?" गोजरबाईने विचारलं.

"थोडी पुढे," उमाबाई म्हणाल्या. "आजी, या, बसा. माझा मान झाला."

भिकी पाय पुसून बसली. शेजारी पंत, पंतांच्या मांडीवर कोंबडी. धाकलूने गाडी धरणाच्या रस्त्याने सुलटी नेली आणि सुलटीच परत आणली. काटा चाळीसच्या वर नाही. भिकीने सबंध वाट बाहेर पाहिलं नाही. ती फक्त धाकलूच्या हातांकडे पाहत होती, ते चाक कसं फिरवतात, दांडा कधी ओढतात. एकदा तिने पदर डोळ्यांना लावला.

मग धाकलूने पंतांना आणि उमाबाईंना अंबरनाथला सोडलं, गाडी दारात लावली, किल्ली दिली, आणि बदलापूरवरून नेहमीसारखा खांद्याला पिशवी अडकवून चालत वाडीला आला. दिवस मावळत होता. गोजरबाई ओट्यावर बसली होती. सवय एवढ्यात जाते थोडीच?

"काय रं, चालत? गाडी कुठं गेली?"

धाकलूने तोंड उघडायच्या आत दारातून भिकीचा आवाज आला.

"गाडी ज्याची त्याच्या घरी गेली. माझा डायवर माझ्या घरी आला."