पाचवं घर

देशमुखाच्या म्हातारीनं पसाभर गहू वरून सोडले. झोळीत न्हाई. खाली. पायरीजवळ गाईनं शेण टाकलं होतं, त्यात.

"ए महाराची, पायरीवर पाय ठिवतीस व्हय? उतर खाली."

मी उतरले. माझ्या म्होरं कुणब्याची दोन पोरं होती, ती बी माझ्यासारखीच मोहरमाची फकीर झालेली. हिरवा अंगरखा, गळ्यात नवसाचा नाडा, काखेत झोळी. ती ओसरीपतुर गेली. म्हातारीनं त्यांच्या झोळीत हातानं गहू घातले. एकाच्या डोक्यावरून हात बी फिरवला. मला वाटलं, आपण बी तसंच जायचं.

बारा वर्सांची होते मी. बोरीकडचं आमचं गाव. माझ्या आधी मायची चार लेकरं गेली, एक बी वर्साचं झालं न्हाई. मी पोटात असताना तिनं सवारीला नवस बोलला. सवारी म्हंजे मोहरमात आशुरखान्यात, पंजे ठिवायच्या घरात, बसवत्यात तो पंजा. हे लेकरू जगलं तर बारा वर्सं फकीर करीन. रीत अशी की फकिरानं पाच घरी पीठ-दाणा मागायचा, त्या पाच घरच्या पिठाचा मलिदा करायचा, आन् मोहरमाच्या धाव्या दिवशी सवारीपुढं ठिवायचा. गावात सगळेच करायचे, मराठे काय, माळी काय. आमची चार घरं महारवाड्यातली असायची, पाचवं देशमुखाचं.

दरसाल माय संगं असायची. वाड्यापासून लांब झोळी पसरून बसवायची. गडी यायचा, वरून टाकायचा. मला वाटायचं फकिराला असंच देत्यात. मायच म्हणायची, "फकिराला जात नसती." मी बी खरं धरलं. त्या साली मायला ताप होता, म्हून मी एकटी गेले. आन् त्या दोन पोरांना कसं देत्यात ते पयल्यांदा बघितलं.

"उचल," म्हातारी म्हणाली.

मी वाकले न्हाई.

"उचल गं. फकिरानं दान टाकून जाऊ न्हाई. घराला लागतं."

तवा मला उमगलं. म्हातारी भ्यायली होती. मला न्हाई, माझ्या गळ्यातल्या नाड्याला. फकीर रिकामा गेला तर घराचं वाईट होतं, हे तिला बी ठावं होतं. सवारीला ती बी मानायची. माझ्याच सवारीला.

"हातात द्या," मी म्हणाले.

कसं निघालं तोंडातून, ते आज बी सांगता यायचं न्हाई. गडी धावला. मानगूट धरून मला वाकवलं. शेणाचा वास नाकात गेला. मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले.

"सोड तिला," म्हातारी म्हणाली. "आज नगं मारू. नाडा हाय गळ्यात."

मी घरी आले. झोळीत चारच घरचं पीठ. मायला सांगितलं तर ती तापातच उठून बसली.

"उचलायचे की गं. धुतले असते. शेवटचं वरीस होतं. नवस मोडला, आता मरशील तू."

दिवस मावळायच्या आत माझ्या बाला चावडीवर बोलावलं. निजामाचं राज्य होतं म्हणत्यात. निजाम आमी कवा बघितला न्हाई. आमच्यावर राज्य देशमुखाचं. बाला वाड्यावर नेलं आन् पोरीचं दान तुझ्या हातानं उचल म्हणाले. गाव बघायला जमलं. बा एकेक दाणा शेणातून वेचायला लागला आन् वरून गडी चाबूक मारायला. सगळे वेचून होईस्तोवर.

बा घरी आला. धोतराच्या सोग्यात बांधलेले गहू माझ्यापुढं ठिवले.

"घे. झालं पाचवं घर."

मायनं ते तीनदा धुतले. प्यायचं पाणी त्यात गेलं. इहिरीवर आमाला चढू देत न्हवते, कुणी वरून वततंय का म्हून निम्मा दिवस बसायचं, तवा एक घागर मिळायची. ते पाणी तिनं त्या गव्हावर घातलं. मग ओलेच जात्यापाशी घेऊन बसली. मी खुंटा धरला.

"हे दळायचं न्हाई."

"मरशील गं."

"मरू दे."

बानं हात उगारला. मग खाली घेतला आन् भिंतीकडं तोंड करून पडला. त्याच्या पाठीकडं बघून मला वाटलं, दळावं. लय वाटलं. खुंटा सोडला न्हाई पण.

तिथनं उठून मी खालाकडं गेले. खाला म्हंजे मावशी. आमच्या वस्तीला लागून ती राहायची, मुसलमान बाई, कापूस पिंजायची. एकटीच. सगळं ऐकून ती आत गेली, पीठ आणलं. माझा हात धरला, खालून आपला तळवा लावला आन् पीठ माझ्या ओंजळीत घातलं. तिचा हात माझ्या हाताखाली तसाच होता. माय सोडून कुणी माझा हात तसा धरला न्हवता. मी ढसाढसा रडले.

"पाचवं घर म्हून हे चालंल का, खाला?"

"हुसेन के नाम का है बेटी. किसके घर का, वो नै देखता."

मग तिनं मला करबलाचं सांगितलं. पैगंबराचा नातू हुसेन, त्याची लेकरं, भवतीनं फौज. नदी समोर आन् पाणी अडवलेलं. लेकरं तहानेनं तडफडायली. सांगता सांगता ती रडायला लागली, काल घडल्यागत.

"पाणी अडवलं होतं त्यांचं?" मी विचारलं.

"हाँ बेटी."

"आमचं बी अडवत्यात."

खालानं माझ्याकडं बघितलं. पदरानं माझं तोंड पुसलं, मग आपलं. बारा वर्सं मी त्या नावानं मागत फिरले, पण तो कोण होता ते त्या दिवशी कळलं. आमचाच माणूस होता तो.

धाव्या दिवशी मलिदा घेऊन गेले. आशुरखान्याची राखण करणारा मुजावर दारात उभा. मागं देशमुखाचे गडी.

"बाहेरच ठेव," मुजावर म्हणाला. खाली बघून म्हणाला. सरपण देशमुखाचं, तेल देशमुखाचं. तो तरी काय करणार, असं माय म्हणाली. मी तसं म्हणाले न्हाई.

आतनं खाला उठली. बाहेर येऊन माझ्याजवळ मातीत बसली. हात पसरून फातेहा म्हणली. माझ्या मायचं नाव घेतलं, बाचं घेतलं. मग माझ्या ताटात हात घालून पयला घास तिनं खाल्ला, गावासमोर. आत गेली न्हाई पुन्हा.

त्या वर्सी सुगीला आमाला खळ्यावर येऊ दिलं न्हाई. वाट्याची जवारी बुडाली. बाच्या पाठीला पू झाला, तो पावसाळाभर पालथा निजला. माय मला घास भरवायची आन् माझ्या मरणाची वाट बघायची. मी मेले न्हाई.

पुढं निजाम गेला. देऊळ आमाला बी उघडलं म्हून सांगायला माणसं आली. दर्ग्याचं बोलावणं बी आलं. तू कुठली, इकडची का तिकडची, असं दोघांनी विचारलं. मी दोघांना बी तेच विचारलं, तुमच्या दारात मला हातात देता का वरून टाकता? जिथं वरून टाकत्यात तिथं मी डोकं टेकत न्हाई. आत कुणीबी बसलेला असू दे.