तिसऱ्या बाकावरचा उजेड

माझ्या अंगात थारा असा कधी नव्हताच. स्टुडिओचे मालक म्हणायचे, "पासपोर्टचा फोटो काढतोस का मारामारी करतोस? गिऱ्हाईक नीट बसायच्या आत खटका दाबतोस!" चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. सोलापुरात आमचा तो स्टुडिओ म्हणजे एक पडदा, दोन दिवे आणि लग्नसराईत रात्रंदिवस पळापळ. बाविशीचा मी. एका जागी दोन मिनिटं उभा राहिलो की तळपायाला मुंग्या यायच्या.

एका सोमवारी दुकानात माझ्या शाळेतल्या बाई आल्या. भूमिती शिकवायच्या, आता रिटायर झालेल्या. मला वाटलं, पेन्शनच्या कागदाला फोटो हवा असेल. तर म्हणाल्या, "माझा नको. आमच्या चर्चमध्ये संध्याकाळी उजेड पडतो, त्याचा हवा."

उजेडाचा फोटो! मी मालकांकडे बघितलं, मालक छताकडे.

बाईंनी सगळं सांगितलं. त्यांचे मिस्टर जाऊन वर्ष झालं होतं. दोघांचा मिळून एकच फोटो, लग्नातला, तोही वाळवीनं खाल्ला. चर्चमध्ये बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसत. त्यामुळं संसार सव्वीस वर्षांचा, पण उपासनेला शेजारी बसणं एकदाही नाही. मिस्टरांची जागा ठरलेली, पुरुषांकडचा तिसरा बाक, मधल्या वाटेकडची कड. रविवारी पाचच्या उपासनेला बायकांच्या बाजूच्या उंच खिडकीतून ऊन यायचं आणि नेमकं त्यांच्या अंगावर पडायचं.

"तिथून ते माझ्याकडं बघून डोळे मिचकावायचे," बाई म्हणाल्या आणि एकदम लाजल्या. "भर उपासनेत! मी आपली मान खाली घालायची. आता त्या खिडकीला लागून इमारत उठतीय. भिंत वर गेली की ऊन बंद. त्याच्या आत मला तेवढं काढून दे रे."

त्याच संध्याकाळी मी बघायला गेलो. रोज त्या रस्त्यानं सायकल हाणायचो, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. बापरे! केवढ्या त्या दगडी कमानी, आणि वर काळ्याभोर लाकडाच्या तुळया. मान मागं टाकून टाकून दुखायला लागली. सव्वापाचला खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी उतरली. तिच्यात धूळ तरंगत होती, म्हणून ती नुसती पडलेली दिसत नव्हती, हवेत उभी होती. हात लावावा वाटला. आठ-दहा मिनिटं राहिली आणि गेली.

बाहेर येऊन गवंड्याला विचारलं, "खिडकी कधी झाकणार?"

"शनवारी झाकतीच की. मालकाला लई घाई हाय."

झालं! आमच्या मालकांचा मोठा कॅमेरा गुरुवारशिवाय मोकळा नव्हता. मंगळवार, बुधवार मी कसे काढले मलाच माहीत. जाता-येता सायकल थांबवून भिंतीचे थर मोजायचो. ढग दिसला की शिव्या घालायचो. बुधवारी एका नवरदेवाचं मुंडकंच फोटोत कापलं, त्याबद्दल मालकांची बोलणी खाल्ली.

गुरुवारी चारलाच स्टँड खांद्यावर घेऊन पोचलो आणि दारातच थबकलो. फरशी ओली चकचकीत. बाक पुसलेले, सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या. फोटो काढायला माणूस येणार म्हणून चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, त्यांची बायको आणि चार-पाच जणांनी सकाळपासून बादल्यांनी पाणी मारून सगळं चर्च धुऊन काढलं होतं! माझ्याकडं असे बघत होते की आता शाबासकी मिळणार.

सव्वापाचला ऊन आलं. बाकावर पिवळा ठिपका पडला, बस्स. हवेत काही नाही. धूळच नाही तर पट्टी दिसणार कशात?

माझं डोकं फिरलं. "कुणी सांगितलं होतं धुवायला?" मी ओरडलो. त्या कमानींनी माझा आवाज दुप्पट करून परत दिला. पाळकांचं तोंड एवढंसं झालं. आजही आठवलं की शरम वाटते. दिवसभर राबली होती ती माणसं.

बाईही येऊन थांबल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, कोपऱ्यातली एक सतरंजी ओढली, उलगडली आणि वाटेवर उभ्या राहून अशी झटकली की विचारू नका. मग पाळक धावले, त्यांची बायको धावली. दणादण सतरंज्या झटकल्या जायला लागल्या. सगळे शिंकतायत, खोकतायत, आणि त्या धुरळ्यात ती पट्टी खिडकीपासून बाकापर्यंत सरळ उभी राहिली.

"बाजूला व्हा!" मी खटका दाबून धरला. आत उजेड कमी, म्हणून प्रत्येक फोटोला आठ आकडे मोजायचे. घाईत माझी मोजणी घरच्या कानडीतच व्हायची. ओंदु, एरडु, मूरु... एक काढला, दुसरा काढला, सात झाले. ऊन बाकाच्या कडेला सरकायला लागलं.

तेवढ्यात बाई वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेल्या आणि तिसऱ्या बाकावर मिस्टरांच्या जागी बसल्या. ऊन तोंडावर आलं. आपल्या नेहमीच्या बाकाकडं त्यांनी बघितलं आणि त्यांचे डोळे आपोआप मिचमिचले.

"अरे," त्या म्हणाल्या, "इथून तर काहीच दिसत नाही. नुसते डोळे दिपतात."

त्यांनी पुन्हा एकदा तिकडं बघायचा प्रयत्न केला.

"म्हणजे ते मिचकावत नव्हते रे. त्यांना मी दिसतच नव्हते. सव्वीस वर्षं मी उगीच लाजले!"

हसायला लागल्या आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी आलं. ऊन तर चाललं होतं.

"बाई," मी म्हटलं, "काढू का?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, ताठ बसल्या आणि आपल्या रिकाम्या बाकाकडं तोंड केलं. "काढ," म्हणाल्या, "आता मी मिचकावते."

मी खटका दाबला. आठवर सोडायचा होता. मी बारापर्यंत मोजत राहिलो.