पोवळ्यांना चुना पाजायचं यंत्र

टाकीतले मासे पाण्याबाहेर तोंडं काढून हवा गिळत होते आणि माझी नणंद खिडकीला पाठ लावून उभी होती. खिडकी उघडली तर समई विझेल, म्हणत होती. गणपतीचा तिसरा दिवस, दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच म्हाताऱ्या. पिवळा मासा आडवा होऊन तरंगत होता आणि कानाला लावलेल्या फोनमधून सून सांगत होती, "आई, आधी खिडक्या उघडा. बाकीचं नंतर."

टाकी सुनेची. मुलुंडच्या आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये अर्धी भिंत तिने अडवली आहे. लग्न होऊन आल्यापासून सुनेने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट, म्हणून मी नाही म्हटलं नव्हतं. नंतर पुष्कळदा वाटलं की म्हणायला हवं होतं. ही खाऱ्या पाण्याची टाकी. मुंबईला तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि ही बाई पाकिटातलं मीठ गाळलेल्या पाण्यात ढवळून घरी समुद्र तयार करते. बाहेरचा समुद्र घाण आहे म्हणे. मी मालवणकडची. त्याच समुद्रातले बांगडे खाऊन आम्ही सात भावंडं वाढलो, पण हे तिला सांगण्यात अर्थ नाही.

मासे परवडले. खरी डोकेदुखी पोवळ्यांची. दिसायला दगड, पण जिवंत असतात, आणि त्यांना आपला सांगाडा बांधायला चुना लागतो. त्यासाठी टाकीखालच्या कपाटात एक यंत्र आहे. एक उभं काचेसारखं नळकांडं, त्यात मेलेल्या पोवळ्यांचे तुकडे भरलेले. शेजारी गॅसचा छोटा सिलेंडर, सोड्याच्या बाटलीत असतो तो गॅस. गॅस शिरला की नळकांड्यातलं पाणी आंबट होतं, त्यात ते तुकडे विरघळतात आणि ते पाणी थेंब थेंब वरच्या टाकीत पडतं. म्हणजे मेलेल्यांची हाडं विरघळवून जिवंतांना पाजायची. हे मला चौथी शिकलेलीला एकदा सांगून कळलं. यंत्राचे नखरे मात्र कळायचे नाहीत. थेंब जास्त पडले तरी वाईट, कमी पडले तरी वाईट. गॅस थोडा वाढला की माशांचा जीव घाबरा. सून सकाळी चहाच्या आधी कपाटात डोकं घालून बुडबुडे बघत बसते. माझ्या मुलाला ताप आला तेव्हा घरात थर्मामीटर सापडला नाही, पण टाकीचं पाणी तपासायच्या बाटल्या ओळीने लावलेल्या असतात.

त्याच्या जोडीला दुसरं यंत्र, फेस काढायचं. ते पाण्यात हवा घुसळतं, घाण फेसातून वर आणतं आणि पाण्यात जादा झालेला गॅसही बाहेर घालवतं. दिवसभर ते गुळण्या केल्यासारखा आवाज करतं. तो आवाज नणंदेला पहिल्या दिवसापासून सहन होत नव्हता.

नणंद गोरेगावहून दर वर्षी पाच दिवस येते. समई तिच्याकडे. गणपती बसल्यापासून विसर्जनापर्यंत ती ज्योत विझू देत नाही, त्यामुळे पाच दिवस पंखा बंद आणि खिडक्या बंद. एसी चालतो, तोही तोंड छताकडे करून. टाकीतल्या माशांसाठी फ्रीजरमध्ये कोळंबी ठेवलेली असते. तिने ती गणपतीच्या दिवसांत घरात नको म्हणून शेजाऱ्यांकडे धाडायला लावली. मासे पाच दिवस कोरडं खाणं खातील म्हणून सुनेने तेही ऐकलं.

त्या दिवशी मुलगा आणि सून कामावर गेली होती. सकाळी बिल्डिंगमधल्या बायका अथर्वशीर्षाची आवर्तनं करायला आल्या. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्या यायच्या आधी नणंदेने फेसाच्या यंत्राचा प्लग काढला आणि तिथे गणपतीमागच्या दिव्यांची माळ लावली. आवाजही गेला आणि माळही लागली. मला सांगितलं नाही. बायका दोनेक तास म्हणत बसल्या, प्रसाद खाल्ला, गप्पा मारल्या, गेल्या. मी खुर्चीत टेकले. घर किती शांत वाटतंय म्हणून बरं वाटलं, आणि मग टाकीकडे नजर गेली.

सुनेला पवईला ऑफिसात फोन लावला. तिने पहिलं विचारलं, फेसाचं यंत्र चालू आहे का. तेव्हा मला कळलं की ती शांतता कसली होती. तिने सांगितलं तसं मी गुडघे टेकून कपाटात हात घातला, पिवळी पट्टी लावलेली चावी फिरवून गॅस बंद केला, माळ काढून प्लग परत लावला. सून म्हणाली एवढ्याने भागणार नाही. बंद खोलीत इतक्या बायका श्वास सोडून गेल्यात, तीच हवा यंत्र पाण्यात घुसळणार. खिडक्या उघडा, पंखा लावा.

नणंद खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"वहिनी, दादा गेला त्या वर्षी समई विझली होती."

"दादा विड्या ओढून गेला," मी म्हटलं. "बाजूला हो."

"आणि काही झालं म्हणजे?"

"झालं तर माझ्या माथी. घर माझं, गणपती माझ्या घरचा. हो गं बाजूला."

ती हलली नाही. मी तिच्याहून अंगाने दुप्पट आहे. दंडाला धरून बाजूला केली आणि खिडकी सताड उघडली. स्वयंपाकघरातली उघडली, पंखा पाचवर टाकला. मखराची कागदी फुलं उडून जमिनीवर आली. समईच्या वाती एकेक करून गेल्या.

"समई विझली का, आई?" सुनेने फोनवर विचारलं.

"विझली."

 ती म्हणाली, "खाली पांढरा जग आहे. टाकीतलंच पाणी भरून वरून ओतत राहा, हवा मिसळेल. मी निघते."

माझा उजवा खांदा धरलेला आहे, हात वर करू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं. स्टुलावर एक पाय ठेवून मी जग भरत होते आणि उंचावरून परत टाकीतच ओतत होते. मनात सगळ्यांना शिव्या घालत होते, माशांनाही. नणंद मागे काड्या ओढत होती. वात पेटायची, वारा यायचा, जायची. शेवटी तिने मिठाईच्या खोक्याचं झाकण आडवं धरलं, माझ्याकडे आणि टाकीकडे पाठ केली आणि समईसमोर बसून राहिली. मदतीला आली नाही, खोटं कशाला सांगू.

बऱ्याच वेळाने तिने मागे न बघता विचारलं, "मेले का?"

"एक मेला."

"कुठला?"

"पिवळा."

"तो बरा होता," ती म्हणाली.

सून रिक्षाने आली. चपला न काढता गणपतीपुढून तशीच टाकीकडे गेली आणि नणंदेने तिला तेवढ्यातही चपलांवरून ऐकवलं.  सुनेची नजर आधी पोवळ्यावर गेली, माशांवर नाही. टाकी आणली तेव्हा नखाएवढा तुकडा लावला होता, तो आता हाताच्या पंजाएवढा झालाय, जांभळा. एरवी त्याच्यावर बारीक बारीक बोंडं फुललेली असतात. तेव्हा सगळी मिटून तो नुसता दगड दिसत होता. जिवंत आहे की नाही ते आज कळणार नाही, म्हणाली, आणि बाटल्या काढून पाणी तपासायला बसली. माझ्या हातातला जग घ्यायचं मात्र तिला सुचलं नाही. मीच तो खाली ठेवला.

संध्याकाळी निळा मासा गेला. गणपतीच्या दिवसांत मेलेले मासे कचऱ्याच्या डब्यात नकोत, असं नणंद म्हणाली, आणि या एका गोष्टीत मला तिचं पटलं. मुलाने ते खाली नारळाच्या मुळाशी पुरले. उरलेले दोन दिवस खिडक्या उघड्याच राहिल्या, आणि नणंद ते झाकण घेऊन समईपुढे बसली. 

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पोवळ्याची एका बाजूची बोंडं उघडली. दुसरी बाजू पांढरी पडली ती पडलीच. नारिंगी माशांची जोडी, दोन गोगलगायी आणि अर्धं पोवळं, एवढी वाचली.