तीन घरांचा आकडा

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ताईला सगळे ‘रकानेबाई’ म्हणायचे, आणि वरवर नाक मुरडलं तरी तिला ते आवडायचं. रक्त तपासायचं काम इतरांचं. तपासून आलेला आकडा कागदावर शिस्तीत उभा करायचं काम तिचं. एकवीस वर्षांपूर्वी तिने रिपोर्ट छापायचा प्रोग्राम लिहिला होता. रुग्णाच्या नावाला चोवीस घरं, म्हणजे चोवीस अक्षरांची जागा, डावीकडून. आकड्याला सहा घरं, उजवीकडे टेकवून, दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह. आकडा दिलेल्या घरांत मावला नाही, तर तिच्या प्रोग्रामची जुनी भाषा तो छापतच नसे. त्या जागी नुसते तारे छापायची. ‘रकानेबाई, तारे पडले हो!’ अशी हाक आली की ताई उठायची, यंत्रावरचा खरा आकडा बघायची, हाताने लिहायची आणि सही करायची. लोक हसायचे. हसेनात का! खोटा आकडा छापण्यापेक्षा तारे बरे, हे तिचं म्हणणं.

मग मोठ्या डॉक्टरबाईंनी नवा प्रोग्राम करायला माणूस घेतलं, आणि ते माणूस निघालं ताईचीच धाकटी बहीण.

लहानपणापासून हेच चाललं होतं. ताईने वर्षभर घोकून नव्वद गुण आणावेत, धाकटीने खेळताखेळता ब्याण्णव. आता आई राहायची ताईकडे, जेवायची ताईच्या हातचं, आणि गोडवे गायची धाकटीचे. ‘तिचं डोकंच वेगळं गं,’ असं आई म्हणाली की ताईच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं.

धाकटीने तीन महिन्यांत नवा रिपोर्ट तयार केला. निळ्या चौकटी, ठळक मथळे, प्रमाणाबाहेरचा आकडा लाल. पानाच्या तळाशी वार, तारीख आणि वेळ. नऊ वाजून पाच मिनिटं झाली असली तर नऊच्याही आधी शून्य आणि पाचाच्याही आधी शून्य.

“एवढं तळाशी कोण वाचायला बसलंय?” ताई म्हणाली.

“असू दे गं ताई, शोभा येते,” धाकटी हसत म्हणाली.

डॉक्टरबाई तो कागद हातात घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरल्या. “असा रिपोर्ट आपल्याकडे कधी निघाला नव्हता,” असं त्या ताईच्याच टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या. ताईने तोंडभर हसून मान डोलावली. आतून तिचा नुसता जळफळाट होत होता. एकवीस वर्षं काय आपण रद्दी छापत होतो?

त्या दिवसापासून ती धाकटीच्या प्रोग्राममध्ये चूक शोधायला लागली. मदत म्हणून नाही, खोटं कशाला बोलायचं? तिला चूक हवी होती. आणि गुरुवारी दुपारी, धाकटी जेवायला गेलेली असताना, ती सापडली.

यकृताच्या तपासणीचा आकडा यंत्रातून लांबलचक शेपूट घेऊन यायचा: अडतीस पूर्णांक चार सहा सहा सहा. तो जवळच्या पूर्णांकात आणून छापायची एका ओळीची सूचना होती. पण धाकटीने घाईत सोपी वाट धरली होती. आकड्याची अक्षरं करायची, पहिली तीन ठेवायची, बाकी छाटून टाकायची. शेवटी टिंब उरलं तर तेही काढायचं. अडतीसचे अडतीस राहायचे, एकशे बाराचे एकशे बारा. महिनाभराचे जुने रिपोर्ट छापून तिने खात्री केली होती, पण त्या महिन्यात हजारावर गेलेला रुग्ण एकही नव्हता.

ताईने खोट्या नावाने तेराशे शहाऐंशी आकडा घातला आणि छापला. कागदावर आलं एकशे अडतीस. निळ्या चौकटीत, मधोमध, दिमाखात.

ताईला काय आनंद झाला म्हणून सांगू! सोमवारी सगळ्या विभागांचे डॉक्टर नवा रिपोर्ट बघायला येणार होते. तेव्हा उठायचं, भोळा चेहरा करून म्हणायचं, ‘एक आकडा घालून बघू का?’ आणि सगळ्यांसमोर फुगा फोडायचा. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. सोमवारपर्यंत जुनाच प्रोग्राम चालणार होता, त्यामुळे कुणाचं काही बिघडणार नव्हतं. शुक्रवारची तिची रजा होती. दिवसभर घरात ती गुणगुणत होती.

शनिवारी सकाळी ती कामावर आली, तर खिडकीजवळच्या ट्रेमध्ये निळ्या चौकटींचे कागद.

“कालपासून सुरू केलं ताई,” धाकटी उत्साहाने म्हणाली. “डॉक्टरबाई म्हणाल्या, सोमवारच्या आधी दोन दिवस चालवून बघ.”

ताईने तडक यंत्राची आदल्या दिवशीची नोंद काढली आणि एकेक ओळ कागदांशी ताडून बघितली. सत्तावन्नावी ओळ एका शिंपीणबाईंची होती. यंत्रात सोळाशे बेचाळीस. कागदावर एकशे चौसष्ट. कागद काल संध्याकाळीच गेला होता.

तिने स्वतः फोन लावला. शिंपीणबाईंचा नवरा म्हणाला, “डॉक्टर म्हणाले थोडंसं वाढलंय, महिन्याने या. पण रात्रीपासून हिला ओकाऱ्या होतायत. आणि काहीतरी भलतंसलतं बोलतेय.”

“उचला आणि आत्ताच्या आत्ता इथे आणा,” ताई ओरडली. “रिपोर्ट चुकलाय. आमची चूक आहे.”

अर्ध्या तासात त्यांना आणलं, वरच्या मजल्यावर दाखल केलं. दुपारी निरोप आला: वेळेवर आणलं, धोका टळला, पण आजचा दिवस काढला असता तर कठीण होतं.

डॉक्टरबाईंच्या खोलीत धाकटी रडून रडून बेजार झाली होती. “हे झालं तरी कसं?” डॉक्टरबाईंनी विचारलं. तेव्हा ताईने समजावून सांगितलं, आणि सांगण्याच्या भरात पर्समधला कागद काढून टेबलावर पसरला. “हे बघा. घातले तेराशे शहाऐंशी, छापले एकशे अडतीस.”

“रकानेबाई, तुम्ही होतात म्हणून!” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आज तुम्ही एक जीव वाचवलात.”

एकवीस वर्षं ताई हे वाक्य ऐकायला थांबली होती. तिची मान आपोआप ताठ झाली.

धाकटीने डोळे पुसले आणि कागद जवळ ओढला. आकडा बघितला. मग तिची नजर खाली घसरली, पानाच्या तळाशी. गुरुवार, तारीख, तेरा वाजून सात मिनिटं. साताच्या आधी शून्य. तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मग तिने ताईकडे बघितलं.

आता ही बोलेल, आता बोलेल, असं ताईला वाटत होतं. बोलावं, निदान आपण तरी बोलावं, असंही वाटत होतं. धाकटीने कागदाची होती तशी घडी केली, ताईच्या हातात ठेवली आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, “चूक माझीच आहे.”

संध्याकाळी दोघी ताईच्या घरी जेवायला बसल्या. बातमी आईच्या कानावर आधीच गेली होती. तिने आपल्या हाताने पहिलं ताट ताईला वाढलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

“बघ गं,” आई धाकटीला म्हणाली, “ताईकडून शिक काहीतरी.”

“शिकले,” धाकटी म्हणाली आणि खाली मान घालून जेवू लागली. ताईने हातातला घास परत ताटात ठेवला.