फुग्याच्या बाह्या

कॅम्प चार या आमच्या वस्तीतल्या शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरूनही स्पष्ट बोलतात. गिऱ्हाइकांच्या पणज्यांचे फोटो बघून ब्लाउज बेततात. परवा मी दुकानात असताना महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई कापड घेऊन शोभायात्रेचे तीस ब्लाउज सांगायला आल्या. म्हणजे बाईंचं महिनाभराचं काम.

"परकं काही नको हं, ताई. आत लेबल लावा, 'शंभर टक्के मराठमोळं'."

"मग बाह्यांचा फुगा काढते, तो मडमांचा. लेस पारशिणींची. हुकसुद्धा गोऱ्यांचे."

"अहो, मग उरलं काय?"

"पुढची गाठ, जुन्या चोळीची. तेवढीच ठेवू?"

मी हसू दाबलं. अध्यक्षीणबाई नाही हसल्या.

"सगळं राहू द्या. पण लेबल पाहिजेच."

"सगळं शिवीन, मॅडम. लेबल खोटं आहे, ते नाही शिवणार," असं म्हणून बाईंनी कापडाची घडी त्यांच्या हातात परत ठेवली.